घनाच्या आत बसलं की भिंती चारच भरतात

पुस्तकात घनाचं चित्र असतं त्यात पोरांना पृष्ठं तीनच दिसतात. बाकीची तीन तुटक रेषांनी दाखवलेली, आणि तुटक रेष म्हणजे मागं आहे पण दिसत नाही, हे आपण सांगतो म्हणून ते मान्य करतात, दिसलं म्हणून नाही. मी पाटण तालुक्यात दोन शिक्षकी जि. प. शाळेवर आहे, चौथी-पाचवी माझ्याकडं. 'त्रिमितीय वस्तू व घडणी' हे प्रकरण आलं की पृष्ठे सहा, कडा बारा, शिरोबिंदू आठ हे वर्गात ठेक्यात पाठ होतं, आणि मग शिष्यवृत्तीच्या सरावात फाशाचा प्रश्न येतो की अमुक अंकाच्या विरुद्ध पृष्ठावर कोणता अंक, तर निम्मी पोरं पेन्सिल तोंडात घालून पत्र्याकडं बघत बसतात. व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांना डबा लावला की आपण चित्राच्या आतच आहोत असं वाटायला लावणाऱ्या तंत्राचं, खूळ डोक्यात शिरलं ते इथनं. पोराला घनाच्या आतच नेऊन बसवलं तर लपलेलं काही राहणारच नाही, एवढा साधा हिशोब.

त्याआधी शिक्षण परिषदेत एकजण व्हीआर लॅब विकायला आलेला. छान चार-पाच हेडसेट, सूटकेसमध्ये, आम्हा सगळ्या मास्तरलोकांना डायनासोर दाखवले, सूर्यमाला दाखवली, हृदयाच्या आत फिरवून आणलं. मी विचारलं भूमितीचं काय आहे, तर म्हणाला आहे की मॅडम, आणि एक निळा घन हवेत गरगर फिरताना दाखवला, मागं इंग्रजीतनं एक बाई बोलतायत. तेवढं तर प्रोजेक्टरवर पण होतं, नाहीतर खडूचा खोका हातात घेऊन फिरवला तरी होतं. आणि किंमत ऐकल्यावर आमच्या मुख्याध्यापक सरांनी नुसतं हसून चहाचा कप उचलला.

मग भाचा कामाला लावला. सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, त्याला सुट्टीत काहीतरी उद्योग पाहिजेच होता. त्यानं सांगितलं की मावशी, हेडसेट कशाला, गूगलनं २०१४ साली कार्डबोर्ड नावाचा प्रकार काढलेला, पुठ्ठ्याचा खोका, दोन भिंगं आणि आत आपलाच फोन. २०१९ ला त्यांनी ते सगळं ओपन सोर्स केलं आणि २०२१ ला स्वतःचे खोके विकायचे बंद केले, पण तसलेच प्लास्टिकचे डबे ऑनलाइन तीन-चारशेला मिळतात. ॲप तो युनिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करून देणार आणि त्याची एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, थेट फोनमध्ये टाकायची. शाळेत नेटची एक काडी येते ती पण खिडकीत उभं राहिलं तर, त्यामुळं ऑनलाइन चालणारं काही नकोच हे मी आधीच बजावलेलं.

फोन कुठनं आणायचे हा खरा प्रश्न होता. पालकांचे फोन सकाळी त्यांच्याबरोबर रानात जातात. गावातली निम्मी घरं मुंबईला, माथाडीत नाहीतर कुठं कंपनीत, आणि जत्रेला ती सगळी येतात, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी माईकवरनंच सांगून टाकलं की घरात पडलेले जुने फोन शाळेला द्या. लोकांनी दिले पण. काच फुटलेले, बॅटरी फुगलेले, एक तर बटणाचाच. त्यातनं चालू बाजूला काढले आणि ॲप टाकलं तर बहुतेकांत चित्र जागचं हलेना, मान कितीही फिरवा समोर तीच भिंत. भाच्याला फोन केला तर म्हणाला जायरोस्कोप नसणार. म्हणजे फोन कुठल्या बाजूला किती वळला हे सांगणारं सेन्सर, ते स्वस्तातल्या फोनमध्ये कंपन्या बऱ्याचदा घालत नाहीत, आडवा-उभा फोन कळायला दुसरं साधं सेन्सर असतं त्यावर भागवतात. सेन्सर तपासायचं फुकट ॲप मिळतं त्यानं एकेक फोन तपासला आणि त्या एवढ्या ढिगातनं कामाचे तीन निघाले. चौथा माझा. ज्याला कुणाला हे करायचं असेल त्यानं डबे मागवायच्या आधी फोन तपासावेत, बाकी सगळं नंतर.

डबे आले, फोन बसवले, मी स्वतः बघितलं आणि घनाच्या कडा बाहेरच्या बाजूला जराशा वाकलेल्या दिसायला लागल्या. मला वाटलं माझा चष्मा. पण पाचवीतली एक पोरगी डोळे लावल्या लावल्या म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणला रेष सरळ आसती, ही तर धनुष्यागत हाय." आता भूमितीच्या तासाला रेष वाकडी दिसून चालेल का! भिंग जाड असतं, कडेला प्रतिमा ताणली जाते, म्हणून फोन आधीच चित्र उलट्या बाजूला वाकवून दाखवतो आणि दोन्ही मिळून सरळ दिसतं. पण कुठल्या भिंगासाठी किती वाकवायचं हे फोनला कळावं लागतं आणि त्यासाठी डब्यावर एक क्यूआर कोड असतो. आमच्या डब्यांवर तो नव्हताच. भाच्यानं भिंगाची मापं मागवली, पट्टी लावून फोटो काढून पाठवले, त्यानं त्याच्याकडं आकडे बदलत बदलत कोड बनवून पाठवला आणि तो स्कॅन केल्यावर रेषा बऱ्यापैकी सरळ झाल्या. अगदी कडेला अजून थोडा बाक आहे, तो मी चालवून घेतला.

पालकसभेत एकच प्रश्न, डोळ्यांना काय होणार नाही ना. रास्त प्रश्न आहे. मी सांगितलं ते हेच की मोठ्या कंपन्यांचे हेडसेट १२-१३ वर्षांच्या खालच्या मुलांसाठी नव्हतेच, मेटानं २०२३ ला ती अट १० वर्षांवर आणली ती पण आईबापाच्या देखरेखीखाली. लहान मुलांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि डबे मोठ्यांच्या मापाचे, त्यामुळं आपण एका वेळी दोन-तीन मिनिटं, त्याच्या वर नाही, आणि डोक्याला पट्टा बांधायचा नाही, डबा हातानंच डोळ्याला धरायचा. हातानं धरला की नको वाटलं तर लगेच खाली घेता येतो आणि मान पण हळू फिरते, गरगरत नाही. गूगलनं मूळ खोक्याला पट्टा दिला नव्हता तो पण याचसाठी. सगळ्यांनी सह्या केल्या. एक आजी मात्र आधी मी बघणार म्हणून अडून बसल्या, त्यांना दाखवलं, बघून झाल्यावर म्हणाल्या रिकामीच खोली हाय की, सामान कुटं हाय.

आणि आजींचा तो शेरा पुढं वर्गात तसाच्या तसा खरा ठरला.

रचना अशी केलेली की दोघांची जोडी. एक आत बघणार, दुसरा त्याचे खांदे धरून उभा, म्हणजे तो भिंतीवर जाऊन आपटणार नाही, आणि आतला जे सांगेल ते बाहेरच्यानं वहीत उतरवायचं. आकाराचं नाव घ्यायचं नाही, फक्त काय दिसतंय ते सांगायचं. पहिला पोरगा घनात गेला. गोल फिरला. म्हणलं किती पृष्ठं? "चार." परत मोज. परत पूर्ण फिरला, ह्या खेपेला बोट पुढं करून. "चारच हायती मॅडम." दुसरी जोडी, चार. तिसरी, चार. एकानं पाच सांगितली कारण जिथनं सुरू केलं ती भिंत परत मोजली. ही तीच पोरं ज्यांना पृष्ठे सहा, कडा बारा तोंडपाठ! मी गप्पच बसले. मग लक्षात आलं की आत गेल्यावर ते त्यांच्यासाठी घन राहतच नाही, खोली होते, आणि खोलीला भिंती चारच असतात. खाली असते ती जमीन आणि वर असतो तो पत्रा, त्याला पृष्ठ कोण म्हणतं? म्हणजे ज्याला मी लपलेलं म्हणत होते ते पुस्तकाच्या चित्रात मागं लपलेलं होतं, आणि आत बसल्यावर डोक्यावर आणि पायाखाली लपलं.

मी उत्तर सांगितलं नाही. भाच्याला सांगून एक बदल करून घेतला, सहाही पृष्ठांना सहा रंग आणि जमिनीवर नजर रोखून धरली की अख्खी खोली एका कुशीवर कलंडते. जमीन भिंत होते, समोरची भिंत डोक्यावर जाते. ते बघितल्यावर जी ओरडाओरड झाली ती मुख्याध्यापक सर पहिली-दुसरीच्या वर्गातनं उठून बघायला आले इतकी. "आता जमीन लाल झाली, मघाशी हिरवी हुती, म्हंजी हिरवी पण भिंतच हाय!" हे वाक्य मी शिक्षक म्हणून आजपर्यंत फळ्यावर कधी मिळवलेलं नाही. त्यानंतर मोजलं तर सहा. आणि फाशाच्या प्रश्नाला तोच धागा लागला, विरुद्ध पृष्ठ म्हणजे माझ्या पाठीमागचं, नाहीतर डोक्यावरच्याच्या विरुद्ध पायाखालचं. आता सरावाला काही पोरं कागदावर फासा बघून आधी स्वतःला त्यात बसवतात आणि मान मागं वळवून उत्तर लिहितात, परीक्षेत पर्यवेक्षकाला वाटायचं कॉपी चाललीय.

चौरसाचं एक सांगायलाच पाहिजे. भिंतीवर एक चौरस सरळ ठेवलेला आणि शेजारी तेवढाच चौरस टोकावर उभा केलेला. विचारलं हे काय, तर पहिला चौरस आणि दुसरी शंकरपाळी. दरवर्षीचं आहे हे, कागदावर पण असंच होतं. हॉलंडमध्ये पियेर आणि डीना व्हॅन हील या शिक्षक नवरा-बायकोनं १९५७ मध्ये भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडलेल्या, त्यातली पहिली हीच, की मूल आकार ओळखतं ते तो कसा दिसतो त्यावरनं, त्याच्या बाजू-कोनांवरनं नाही. तर एक पोरगा, एरवी वर्गात झोपाळलेला असतो, डबा डोळ्याला धरून मान वाकडी करायला लागला. मला वाटलं चक्कर आली. आधी थोडी वाकडी, मग अजून, मग पूर्ण खांद्यावर टेकवली आणि तसाच उभा राहिला. "झाला चौरस." मग मान सरळ केली, "परत शंकरपाळी." मग दोन-तीन वेळा मान इकडं तिकडं करून हसायला लागला आणि म्हणाला ती काय बदलत नाय, मीच बदलतोय. कागदावर सुद्धा हे करता आलं असतं, खरं आहे, कागद फिरवायचा. पण कागद फिरवला की पोरांना वाटतं आकार फिरवला, इथं आकार जागेवर आहे आणि फिरतोय तो बघणारा, हा फरक त्याला त्याच्या मानेनं कळला.

सगळंच असं चांगलं झालं नाही हो. गोलाच्या आत बसवलं तर पोरं म्हणतात कायच नाही, नुसतं निळं. बरोबरच, एकाच रंगाच्या गोलाच्या आत कुठंही बघा सारखंच, मान फिरली तरी फिरल्यासारखं वाटत नाही, एकीला मळमळलं. मग त्यावर भूगोलाच्या गोलासारख्या आडव्या-उभ्या रेषा टाकल्या तेव्हा जरा कळलं. वृत्तचिती मात्र सगळ्यांना आवडली, तिला त्यांनी विहीरच करून टाकली आणि वरच्या-खालच्या दोन वर्तुळाकार कडा लगेच सांगितल्या. शंकूत सगळे वर बघत बसले.

दुसरं म्हणजे फोनच्या डब्याला तुमची मान कळते, तुमचे पाय कळत नाहीत. पोरं कोपऱ्यात जाऊन शिरोबिंदूला हात लावायला निघायची, दोन पावलं पुढं टाकली तरी कोपरा तेवढाच लांब. "मॅडम ह्यो कोपरा पळतोय!" महागड्या हेडसेटमध्ये तसं होत नाही, तिथं तुम्ही चाललात की तुम्ही खरंच जवळ जाता, पुण्याला एका प्रदर्शनात मी ते लावून बघितलंय आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. म्हणून आम्ही नंतर सगळ्यांना सतरंजीवर मांडी घालून बसवूनच दाखवायला लागलो, बसलेल्याला चालायचं सुचत नाही. मार्चच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात फोन तापतात तो वेगळाच ताप, तापला की चित्र मानेच्या मागं रेंगाळतं आणि मग डोकं दुखतं, त्यामुळं सगळं सकाळी परिपाठानंतर लगेच उरकायचं.

एका पोराला काही केल्या एक चित्र दिसेना. दोन दिसतात म्हणायचा. भिंगं सरकवली, फोन बदलला, तरी दोनच. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं त्यांना मी मुद्दाम सांगून ठेवलं आणि त्यांनी पुढं पाठवलं, तर डावा डोळा बराच कमजोर निघाला. चष्मा लागलाय. घरी कुणाला कल्पना नव्हती, तो पुढच्या बाकावर बसायचा म्हणून मला पण नाही.

पण ह्या डब्यात जे अजिबात कळत नाही ते म्हणजे आकाराचा ताठपणा. टाकाऊतनं खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची ती जुनी युक्ती, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, त्यानं आतल्याचं ऐकून बाहेरच्यानं आकार जोडायचा असं आम्ही नंतर सुरू केलं. घन जोडला की तो लगेच कलंडतो, दाबला की चपटा होतो, पोरं म्हणतात आमचं चुकलं. चुकलेलं काही नसतं, चौकोन असतोच तसला ढिला. त्रिकोणी सूची जोडली की ती दाबून दबत नाही. मग घनाच्या प्रत्येक पृष्ठाला एकेक तिरकी काडी लावली की तो पण उभा राहतो, पण ती काडी इतरांपेक्षा लांब लागते, तेवढ्या लांबीची काडेपेटीत नसतेच, मग खराट्याचे हीर मोडून आणले. व्हीआरमधला घन तुम्ही कितीही वेळ बघा, तो कधीच कलंडणार नाही. तिथं सगळंच ताठ असतं.

घडणीला, म्हणजे घन उलगडून सपाट केला की होणाऱ्या आकाराला, मात्र दोन्हीचा मेळ बसला. भाच्यानं एक दृश्य असं केलेलं की छताकडं बघत राहिलं की घन उघडतो, भिंती बाहेरच्या बाजूला पडतात आणि तुम्ही सपाट अधिकच्या चिन्हासारख्या आकाराच्या मध्ये बसलेले. तिथं वाद सुरू झाला, छत कुठल्या भिंतीबरोबर जाणार? ॲपमध्ये ते समोरच्या भिंतीला चिकटून जातं. एकीचं म्हणणं पाठीमागच्या भिंतीला का नको. का नको, करून बघ की. मग फोन ठेवले बाजूला आणि सगळ्यांना पुठ्ठ्याचे खोके आणायला सांगितले, टूथपेस्टचे, औषधाचे, अगरबत्तीचे, आणि चौकडीच्या कागदावर सहा-सहा चौरसांचे आकार कापून घडी घालून बघायचे. खोक्याला चिकटवायच्या पट्ट्या असतात त्यांना पोरं पृष्ठं समजतात, त्या आधी कापून टाकायच्या. घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ होतात, ही संख्या मी मुद्दाम फळ्यावर लिहिली नाही. पोरांनी भिंतीवर एकेक चिकटवत नेली, त्यात उलटी करून चिकटवलेली तीच का वेगळी यावर दोन गट पडले, ते भांडण खिचडीच्या रांगेत पण चालू. शेवटी जी उलटी केली की दुसरीवर बरोबर बसते ती एकच मोजायची असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. नऊ सापडल्या. राहिलेल्या दोन मी अजून सांगितलेल्या नाहीत, सुट्टीचा अभ्यास तोच आहे.

आता केंद्रप्रमुख साहेबांनी पुढच्या शिक्षण परिषदेत सादरीकरण करा म्हणून सांगितलंय आणि आधीच दोन-तीन शाळांतनं फोन आलेत की मॅडम ती एपीके द्या. फाइल देईन, तिला काय पैसे पडत नाहीत. पण फोन आला की मी पहिलं विचारते पट किती आणि जायरोस्कोपवाले फोन किती. आमचा चौथी-पाचवीचा मिळून पट वीसच्या आत, म्हणून चार डब्यांत निभलं. चाळीसच्या वर्गात तीन-तीन मिनिटं केली तर शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत बाकीचे एकमेकांच्या दप्तरावर उठलेले असतील. तिथं खोके आणि काड्याच आधी घ्या म्हणते, डबे नंतर, आणि जमलं तर आतल्या पोरानं बोलायचं आणि बाहेरच्यानं लिहायचं एवढं तरी ठेवा. नुसते डबे डोळ्याला लावून सगळे गप्प बसले तर फोटो छान येतात, बाकी काय होत नाही. जूनमध्ये मी 'कोन' हे प्रकरण ह्याच डब्यांवर घ्यायचं म्हणते, काटकोन म्हणजे मान किती वळली, म्हणजे ते वर्षाच्या सुरुवातीलाच होईल आणि उन्हात फोन तापायचे पण नाहीत. भाच्याला सांगितलंय, पण त्याची सेमिस्टर परीक्षा आहे, बघू कधी वेळ मिळतो त्याला.